आधी कोणता प्रश्न?
(मालवण किनाऱ्यावरील बौद्ध कुटुंबांपुढील भाषण)



गावात तंटा उद्भवला की आपणांस सांगण्यात येते, "पंचांपुढे मिटवा, कोर्टाची पायरी कशाला चढता?" मग आपल्यापैकी एकाची सही घेतली जाते आणि तीच साऱ्या वाडीची संमती ठरते. म्हणून विचारतो : सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणास, आणि हा प्रश्न केव्हा विचारावयाचा?

याचे उत्तर आपल्याच कोकणात आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह योजिला, तोच १२ तारखेस दिवाणी दावा दाखल झाला. वादी महाडच्या सवर्ण हिंदूंच्या वतीने उभे होते. बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांना अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले होते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तो दावा आपण हरलो असतो, तर ज्यांनी न्यायालयाचे दारही पाहिले नव्हते, त्यांचेही पाणी गेले असते.

१४ डिसेंबरास तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ तारखेस परिषद भरली, लोक सत्याग्रहास सज्ज होते. तरीही बाबासाहेबांनी तो तहकूब ठेवविला. ही माघार नव्हती. तात्पुरता हुकूम म्हणजे अखेरचा निकाल नव्हे, हे ते जाणत होते. तळे कोणाचे, आणि आपणांस वगळण्याची रूढी खरोखर अनादि आहे काय, हे प्रश्न अद्याप सुटावयाचे होते. तळे आपल्या मालकीचे आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढीही सिद्ध मानली नाही. यास दहा वर्षे लागली, पण निकाल साऱ्या समाजाच्या पदरी पडला.

आता कायद्याचा क्रम पाहा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील पहिल्या आदेशाच्या आठव्या नियमानुसार अनेकांच्या वतीने दावा चालविण्यास न्यायालयाची परवानगी लागते आणि संबंधितांस नोटीस द्यावी लागते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात नोटिशीवाचून तडजोडही करता येत नाही. करारात लवादाची अट असेल आणि प्रतिपक्षास ती पुढे करावयाची असेल, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे वादाच्या मुद्द्यांवर आपले पहिले म्हणणे मांडण्यापूर्वी, निदान त्याबरोबर, त्याने तसा अर्ज केला पाहिजे. तथापि लवादाची अट असली तरी ग्राहकास ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एमार एमजीएफ प्रकरणात मान्य केले.

म्हणून कागद पुढे आला की प्रथम विचारा : यावर सही कोणाची, आणि ती कोणास बांधते? नंतर विचारा : हा विषय पंचांच्या हाती देण्याजोगा तरी आहे काय? देण्याघेण्याचा हिशेब पंच खुशाल करोत. परंतु संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे; सार्वजनिक विहिरीवरील आपला हक्क कोणत्याही गावकीच्या मतावर अवलंबून नाही. तिसरा प्रश्न हा : आपला प्रतिनिधी कोण, आणि त्याने घराघरांत विचारले काय? त्या घरांत आपल्या भगिनींचे मत पुरुषांइतकेच मोजा.

एका सहीने सर्वांचा हक्क जाऊ देऊ नका. आधी वाचा, मग विचारविनिमय करा, त्यानंतरच सही करा.

जय भीम!