काळ्या कातळातील स्फटिकवैभव
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



चाकण म्हटले की इतिहासप्रेमी माणसाला संग्रामदुर्ग आठवतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट सैन्याशी येथे सुमारे दोन महिने झुंज दिली आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच हा भुईकोट शत्रूच्या हाती पडला. शेतकऱ्याला चाकण ठाऊक आहे ते कांद्याच्या बाजारपेठेमुळे, तर कामगाराला मोटारींच्या कारखान्यांमुळे. या तिन्ही चाकणांच्या पायाखाली मात्र एक चौथे, अतिप्राचीन चाकण आहे. ते आहे काळ्या कातळाचे.

कातळ कसा घडला?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा वारंवार उसळला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. लाव्हारस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पडले व खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ या पोकळ्यांतून उष्ण पाणी झिरपले, त्यात विरघळलेली द्रव्ये भिंतींवर हळूहळू जमली आणि स्फटिक तयार झाले. विहीर खोदणारे कारागीर ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात, त्या खडकातील पांढरे ठिपके हे याच भरलेल्या पोकळ्यांचे लहान रूप होय.

या स्फटिकांपैकी अनेक ‘झिओलाइट’ कुलातील आहेत. १७५६ मध्ये स्वीडनमधील क्रॉनस्टेट या शास्त्रज्ञाने एक खनिज तापविले असता त्यातून पाणी उकळून बाहेर पडताना दिसले. म्हणून त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले. मोरपिशी पंख्यासारखा पसरणारा स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट आणि मोत्याची झळाळी असलेला ह्यूलँडाइट ही त्यांतील प्रमुख नावे. अपोफिलाइट हा झिओलाइट नसला तरी त्यांचा नित्याचा सोबती आहे.

जगाने पाहिले, गावाने नाही

बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. तेथे कातळ फोडताना निघालेले सुंदर स्फटिक थेट लंडनच्या संग्रहालयात पोहोचले. पुढे पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणींतील हिरवे अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांत नावाजले गेले. वाघोलीच्या खाणींतील कॅव्हनसाइट हे गडद निळे खनिज तर आणखी दुर्मिळ. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांचे हे संयुग प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात आढळले. परंतु त्याचे जगातील सर्वोत्तम नमुने वाघोलीचेच मानले जातात. सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयात हे वैभव राज्यातील जनतेला पाहता येते, ही समाधानाची बाब आहे. तरीही ज्या गावच्या खाणीतून हे स्फटिक निघाले, त्या गावच्या शाळेत त्यांचा एक तुकडाही सहसा नसतो.

जीवाश्मांविषयी

अनेक विद्यार्थी जीवाश्मांच्या शोधात चाकणचे डोंगर पालथे घालू इच्छितात. त्यांना योग्य दिशा द्यावी. तप्त लाव्हात जीवांचे अवशेष टिकत नाहीत. ते मिळालेच तर दोन थरांमधील गाळाच्या खडकांत मिळतात. डायनोसॉरचे अवशेष पाहावयाचे असतील तर चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे नाव घ्यावे लागेल. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि आदिमानवाची दगडी हत्यारे आढळली आहेत. अशी हत्यारे पुरावस्तू असल्याने ती खिशात न घालता जागेवरच ठेवून पुरातत्त्व विभागास कळवावीत.

छंदाची शिस्त

या छंदास भांडवल लागत नाही. नमुना वर्तमानपत्रात गुंडाळावा. चिठ्ठीवर गाव, जागा, खोली व दिनांक लिहावा. चिठ्ठी नसलेला स्फटिक केवळ शोभेची वस्तू ठरतो, चिठ्ठी असलेला पुरावा ठरतो. ओळखीच्या कसोट्याही सोप्या आहेत. गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर सहज उठतो. शिवाय कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास तो फसफसतो. मात्र झिओलाइट स्वच्छ करण्यासाठी आम्ल वापरू नये. स्कोलेसाइटसारखे स्फटिक त्यात नष्ट होतात.

विद्यार्थ्यांना चालू खाणीत नेऊ नये. सुरुंग, सैल दरड आणि पाण्याने भरलेले खड्डे जीवघेणे ठरतात. धारकाची परवानगी घेऊन, काम बंद असताना, बाहेर टाकलेल्या दगडांतच शोध घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवर सर्वसाधारणपणे शासनाचा हक्क असतो. त्यामुळे छंदाच्या नावाखाली उत्खनन किंवा विक्री करता येणार नाही, हेही विद्यार्थ्यांना समजावून सांगावे.

पंचायतींचे कर्तव्य

कारखान्यांचे पाये, रस्ते, विहिरी व विंधनविहिरी यांसाठी चाकण परिसरात कातळ सतत फोडला जात आहे. एकदा फुटलेली पोकळी पुन्हा भरून येत नाही. कोट्यवधी वर्षांत घडलेला स्फटिक खडीयंत्रात क्षणार्धात चुरा होतो, आणि खड्डा बुजला की खालचा थर पिढ्यान्‌पिढ्या दृष्टीआड जातो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. खाणींच्या गावांचे रूप किती वेगाने पालटते, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

म्हणून प्रत्येक गावाने विहीर खोदताना निघालेल्या प्रत्येक थराचा एक तुकडा शाळेत जमा करावा. एक लाकडी कपाट आणि एक नोंदवही एवढ्याने हे काम भागते. कोणत्या खोलीवर मुरूम संपला, कोठे मांजऱ्या लागला आणि कोठे अखंड कातळ, याची ही नोंद विद्यार्थ्यांस भूगोल शिकवील आणि पुढच्या विहिरीची जागा ठरविताना शेतकऱ्यासही उपयोगी पडेल. चाकणच्या मातीतून कांदा पिकला, कातळावर कारखाने उभे राहिले. त्या कातळाची ओळख पुढच्या पिढीस करून देणारे कपाट गावोगावच्या शाळांत उभे राहावे, एवढीच अपेक्षा.