स्टूल, चावीचा फळा आणि चार फूट उजेड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या ‘आपल्यातले आपण’ या कार्यक्रमातील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. मोठी माणसं मला नावाने ओळखतात आणि मुलं ‘भंगारवाले काका’ म्हणून. दोन्ही बरोबर आहे. सचिवसाहेब म्हणाले, “खाली लॉबीत तुम्ही जे लाल उजेडाचं ठेवलंय, ते काय आहे असं रोज चारजण विचारतात. एकदा सगळ्यांना सांगून टाका.” म्हणून उभा आहे. वीस मिनिटं घेईन. त्यानंतर मसालेदूध आहे, हे माझ्याही लक्षात आहे.

सुरुवात माझ्या धंद्यापासून करतो. १९७९ साली, विसाव्या वर्षी, मी लालबागच्या एका गल्लीत निऑनच्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या. दुकानांच्या, हॉटेलांच्या, थिएटरांच्या पाट्या आम्ही करायचो. चौतीस वर्षं मी एकच काम केलं, ते म्हणजे काच वाकवणं.

निऑन हा वायू आहे आणि तो आत्ता आपल्या सगळ्यांच्या नाकातून आत-बाहेर जातोय. हवेच्या दहा लाख भागांत साधारण अठरा भाग निऑन असतो. १८९८ साली लंडनमध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या दोघा शास्त्रज्ञांनी तो शोधला. मुलांनो, नावाची गंमत ऐका. रॅम्झीच्या तेरा वर्षांच्या मुलाने वडिलांना सुचवलं की याला लॅटिनमधलं ‘नोवम’, म्हणजे ‘नवीन’, असं नाव द्या. वडिलांनी तोच अर्थ ग्रीकमध्ये घेतला आणि ‘निऑन’ झालं. पुढे १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी निऑनच्या मोठ्या नळ्या पेटवून दाखवल्या. तिथून पाट्यांचा धंदा जगभर गेला आणि फिरत फिरत आमच्या लालबागच्या गल्लीपर्यंत आला.

नळी कशी करतात? बोटाएवढ्या जाडीची काचेची सरळ नळी घ्यायची. ड्रॉइंग उलटं काढून टेबलावर ठेवायचं. नळीचं एक टोक बुचाने बंद, दुसऱ्याला रबरी नळी आणि तिचं टोक आपल्या ओठांत. नळी बर्नरवर फिरवत राहायची. काच पापडाच्या लाटीसारखी मऊ झाली की बाहेर काढून ड्रॉइंगवर वाकवायची आणि त्याच क्षणी हलकी फुंकर मारायची. फुंकर कमी पडली तर वळणावर नळी चपटी होते, जास्त झाली तर फुगते. हे सगळं दोन-चार सेकंदांत. याला यंत्र नाही. हात आणि श्वास, एवढंच भांडवल.

मग दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडायचे, पंपाने हवा ओढायची आणि नळीतून जबर वीज सोडून ती तापवायची. याला आम्ही बॉम्बार्डिंग म्हणतो. काचेला चिकटलेली घाण, ओल, सगळं त्यात सुटून येतं. नळी पुरेशी तापली की नाही ते बघायला आमचे उस्ताद तिच्यावर कागदाचा कपटा ठेवायचे. कपटा करपला की झालं. मग पुन्हा हवा ओढायची, थोडासा निऑन भरायचा आणि नळी बंद करायची. शुद्ध निऑन भरला तर उजेड केशरी-लाल. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब. बाकीचे रंग रंगीत काचेचे किंवा आतून लावलेल्या पावडरचे.

चांगली केलेली नळी पंचवीस-तीस वर्षं सहज चालते. आपल्या सोसायटीएवढी! तरी एलईडी आली, स्वस्त आली आणि आमच्या पाट्या उतरू लागल्या. उतरवलेल्या पाट्यांतल्या कितीतरी नळ्या चालू होत्या. मी त्या हातगाडीवर चढवताना बघितल्या आहेत. २०१३ साली कारखाना बंद झाला. मी दोन गठ्ठे कोऱ्या नळ्या आणि एक ट्रान्स्फॉर्मर घेऊन लोकलने डोंबिवलीला आलो. डब्यातल्या लोकांनी मला त्या गर्दीत काचा सांभाळायला जागा करून दिली, हे मी विसरणार नाही.

ते गठ्ठे मी जिन्याखाली ठेवले. महिन्याभरात फलकावर नोटीस लागली: ‘जिन्यात व पार्किंगमध्ये ठेवलेले भंगार आठ दिवसांत हटवावे, अन्यथा दंड आकारण्यात येईल.’ नोटीस बरोबर होती. मी गठ्ठे घरात पलंगाखाली नेले. त्यावर आमच्या सौभाग्यवती काय म्हणाल्या, ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

पुढच्या वर्षी फंडाचे पैसे आले म्हणून आम्ही दोघं उत्तरेच्या सहलीला गेलो. चंदीगडला रॉक गार्डन बघितलं. नेकचंद हे तिथल्या बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नवं शहर बांधण्यासाठी पाडलेल्या गावांतला आणि शहरातला टाकाऊ माल, म्हणजे फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा, सिरॅमिकचे तुकडे, ते सायकलवरून जमवायचे आणि सरकारी जंगलात गुपचूप मूर्ती करायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. सरकारला पत्ता लागला तेव्हा पाडून टाकायची भाषा झाली, पण लोक बाजूने उभे राहिले आणि १९७६ साली ती बाग रीतसर खुली झाली. फुटक्या बांगड्यांच्या बायका बघत आमची ही म्हणाली, “हा माणूस आपल्या सोसायटीत असता तर त्याला नोटीस मिळाली असती.” मी म्हटलं, “अगं, त्याला सरकारची मिळायची वेळ आली होती, माझी तर फक्त सोसायटीची आहे.”

तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला. मुलीने पुस्तकं आणून दिली. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. बघितल्यावर वाटतं, हे मलाही सुचलं असतं. सुचलं नाही, हा भाग वेगळा. दुसरा इटलीचा मारिओ मेर्झ. त्याने छत्री, बाटली अशा रोजच्या वस्तूंतून निऑनची नळी आरपार नेली. ते फोटो बघून मला झोप लागली नाही. चौतीस वर्षं मी निऑनने दुकानांची नावं लिहिली. या माणसाने त्या छत्रीत निऑनने काहीच लिहिलं नव्हतं, नुसती एक रेघ ओढली होती, आणि ती जुनी छत्री जिवंत वाटत होती.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. गेल्या वर्षी रौप्यमहोत्सवाची रंगरंगोटी निघाली आणि मीटर रूम, पंप रूम रिकामी केली. त्यात काय काय निघालं! बिल्डरने दिलेल्या पत्र्याच्या टपालपेट्या, जळलेली पंपाची मोटर, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, कोणाचीतरी तीनचाकी सायकल, अठ्ठेचाळीस खिळ्यांचा चाव्या अडकवायचा फळा, आणि एक लाकडी स्टूल. समितीने मला सांगितलं, “काका, भंगारवाल्याला द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघून घ्या.” ज्या सोसायटीने मला नोटीस दिली तिनेच हे सांगितलं, म्हणून मी खूश.

माझा पहिला बेत सांगतो. टपालपेट्यांचा मनोरा आणि त्यावर निऑनमध्ये मोठा ‘२५’ आकडा. जुन्या सोबत्याच्या कारखान्यात जाऊन आकडा वाकवून आणला, लावून बघितला. डिस्काउंट सेल लागल्यासारखा दिसत होता. दोन दिवस मी त्याच्यासमोर बसलो. बसलो कशावर, तर त्या स्टुलावर. ते डुगडुगत होतं, एक पाय आखूड. मी सुताराकडून तो पाय नीट करून घेतला, वर पॉलिश मारलं.

स्टूल कोणाचं, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. आपल्या वॉचमन मामांचं. १९९९ ला इथे फक्त ए विंग उभी होती, रस्ताही नव्हता, तेव्हापासून मामा गेटवर होते. एकवीस वर्षं. आत्ता कॉलेजात असलेली आपली अर्धी मुलं त्यांनी रिक्षात बसवून शाळेला पाठवलीत. २००५ च्या पुरात त्यांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जिन्यापर्यंत आणलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये ते गावी संगमेश्वरकडे गेले ते अडकले. आपण कॅमेरे बसवले, एजन्सी नेमली. दिवाळीला मामा परत आले तेव्हा गेटवर दुसराच माणूस होता. आपण त्यांना मिठाईचा बॉक्स दिला.

मंडळी, मी त्या वेळी समितीत होतो. त्या ठरावावर माझी सही आहे.

मी मामांना फोन लावला. म्हटलं, “मामा, तुमचं स्टूल सापडलंय, त्याचं काहीतरी करतोय.” ते हसले. म्हणाले, “साहेब, त्याचा डावा पाय आखूड हाय. खाली बेलच्या बटनाची जुनी पट्टी घातलेली असंल बघा, ती काढू नका. ती काढली की झोप लागते.” मला काही कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. पट्टी किंचित पातळ होती. त्यामुळे स्टूल जरासं हलत राहायचं आणि रात्री डुलकी लागली की तोल जाऊन जाग यायची. म्हणून त्यांनी पाय कधी दुरुस्त करून घेतला नाही.

आणि मी तो दुरुस्त करून बसलो होतो! पॉलिशसकट! बाजारात बघितलं तर स्टूल चांगलं झालं होतं, पण मामांच्या एकवीस वर्षांच्या रात्री त्यातून निघून गेल्या होत्या. सुताराला परत बोलावलं. तो म्हणाला, “काका, बरं आहे ना तुमचं?” पाय पहिल्याएवढा आखूड केला, पॉलिश खरवडलं. पट्टी मीटर रूमच्या कचऱ्यात सापडली. सापडलेल्या वस्तूंचं शिल्प करताना एवढं एक मी शिकलो, की वस्तू सुधारायच्या आधी विचारावं, ती अशी का आहे.

मग निऑनचं काम सोपं झालं. आकडा नको, अक्षर नको. मामा बसायचे तसे, पाठ थोडी वाकलेली आणि मान पुढे, एवढी एकच रेघ. चार फूट नळी, दोन वळणं. सोपं म्हटलं खरं, पण पासष्टाव्या वर्षी फुंकर पूर्वीची राहिलेली नाही. पहिली नळी मानेपाशी चपटी झाली, दुसरी तडकली, तिसरी जमली. आत शुद्ध निऑनच भरला. एक तर मामांच्या विडीच्या टोकाचा रंग तोच, आणि दुसरं, त्यात पारा लागत नाही. मागे चाव्यांचा फळा. कुलूप लावून गावाला जाताना आपण ज्यांच्याकडे चावी देत होतो, त्या अठ्ठेचाळीस घरांचे अठ्ठेचाळीस खिळे.

विशेष सभेत यावर चर्चा झाली. काहींना कारंजं हवं होतं, त्यांचंही चुकीचं नव्हतं. काहींनी विजेची काळजी केली, ती तर योग्यच होती, कारण ट्रान्स्फॉर्मर काही हजार व्होल्टचा असतो. म्हणून ते सगळं बंद ॲक्रिलिकच्या पेटीत आहे आणि रात्री अकराला आपोआप बंद होतं. मुलांनो, पेटी उघडायची नाही. बघायचं असेल तर मला हाक मारा, मी दाखवीन.

शेवटचं बोलतो आणि बसतो. सगळे कौतुक करतात, “काका, मामांना छान मानवंदना दिलीत.” मला ते ऐकून बरं वाटत नाही. २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांचा मामांचा पगार राहिलेला आहे. तेव्हा मेंटेनन्स जमत नव्हता म्हणून ‘नंतर बघू’ असं ठरलं होतं. मी सभेचं इतिवृत्त काढून बघितलं. ‘नंतर’ अजून आलेलं नाही. मामांनी फोनवर त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. खाली लाल उजेड लावून तो हिशेब मिटत नाही.

म्हणून माझी समितीला विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. ठराव मी मांडतो, कारण जुन्या ठरावावर सही माझी होती. दुसरं, या स्मरणिकेत अध्यक्षांची, सचिवांची, खजिनदारांची यादी येणार आहे. त्या पानावर एक ओळ वाढवावी: गेट, १९९९ ते २०२०. पुढे मामांचं पूर्ण नाव घालावं. आपण सगळे त्यांना मामाच म्हणत आलो. पूर्ण नाव मलाही फोनवर विचारून घ्यावं लागलं. ते मी सचिवांकडे लिहून दिलं आहे.

आता खाली जाताना लॉबीत क्षणभर थांबा. डाव्या पायाखाली पट्टी दिसते का बघा.