लायब्ररी आहे, पण मिळत नाही

एखादी फाईल फोनमध्ये जागच्या जागी आहे, नावही बरोबर आहे, तरी फोन म्हणतो, मिळणार नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये अँड्रॉइड ७.० आलं, तेव्हा काही ॲप्स या कारणानं उघडताच बंद पडू लागली. मी बी. ए. झालेला, कवितेतला माणूस. हा प्रकार मला भाच्यानं समजावला.

कुठलंही ॲप स्वतःत पुरं नसतं. मराठीतलं अर्धं अक्षर पुढच्या अक्षराची वाट पाहतं, तसं ते असतं. मजकूर गुप्त करणं, आकडे साठवणं ही नेहमीची कामं करणाऱ्या फायली फोनमध्ये आधीच असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. ॲपजवळ असते फक्त त्यांच्या नावांची यादी. ॲप सुरू होताना ती यादी वाचून एकेक लायब्ररी शोधून जोडून देतो तो लिंकर. जोडाक्षर घडवतो तो हाच.

यांतल्या काही लायब्ऱ्या सर्वांसाठी असतात, काही केवळ यंत्रणेच्या घरच्या. ७.० पूर्वी लिंकर हा भेद पाहत नसे, मागेल त्याला देत असे. घरच्या लायब्ऱ्यांची हमी मात्र कुणीच दिलेली नव्हती. लिबक्रिप्टोचंच बघा. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये ओपनएसएसएल जाऊन गूगलची बोरिंगएसएसएल आली. फाईलचं नाव तेच राहिलं, आतला ऐवज बदलला. असल्या उसनवारीवर उभी असलेली ॲप्स कधी कोसळतील, याचा नेम नव्हता. म्हणून ७.० मध्ये लिंकरनं कुंपण घातलं. लिबक्रिप्टोसारख्या फार वापरातल्या काही लायब्ऱ्यांना तात्पुरती सवलत होती, पण आवृत्तीचा क्रमांक २३ किंवा त्याखालचा सांगणाऱ्या ॲप्सनाच.

भाचा कोकणातल्या एका मच्छीमार सोसायटीचं डिझेलच्या हिशेबाचं ॲप सांभाळतो. नोव्हेंबर २०१८ पासून प्ले स्टोअरनं ॲपच्या सुधारित आवृत्तीसाठी किमान २६ हा क्रमांक सक्तीचा केला. यानं २३ चे २६ केले, बाकी एक ओळ बदलली नाही. जुन्या फोनवर ॲप चालू, नव्यावर बंद! नवे फोन घेतलेल्या तांडेलांना हिशेब पुन्हा वहीत लिहावा लागला.

"मामू, फाईल मला दिसतेय, आणि लिंकर नाही म्हणतो," तो वैतागून म्हणाला.

उत्तर फोनच्या नोंदीतच होतं. तिथं 'लायब्ररी सापडत नाही' असं लिहिलेलं नव्हतं, 'या नेमस्पेसला ती उपलब्ध नाही' असं होतं. या दोन वाक्यांतला फरक वाचता आला की निम्मं काम झालं. मग रीडएल्फ नावाच्या साधनानं त्यानं ॲपमधल्या प्रत्येक फाईलची यादी काढली: तू कुणाकुणावर विसंबून आहेस? त्याच्या स्वतःच्या फायलींत काही निघालं नाही. बाहेरून आणलेल्या एका तयार भागाच्या यादीत लिबक्रिप्टो बसलेली होती. तो भाग बनवणाऱ्यांनी त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही. नशीब की त्याचा कोड खुला होता. भाच्यानं ओपनएसएसएल आतच जोडून तो भाग नव्यानं बांधला. आता त्याला फोनकडे मागण्याची गरज नव्हती.

मला विचाराल तर कुंपण योग्यच होतं, आणि २०१६ च्या मार्चपासून चाचणी आवृत्त्या देऊन त्याची सूचनाही मिळाली होती. पण ती सूचना ॲप बनवणाऱ्यांना होती. वापरणाऱ्याला फक्त पडदा मिटलेला दिसतो. सवलतीबाहेरच्या लायब्ररीवर जगणारं आणि कर्त्यानं सोडून दिलेलं ॲप नव्या फोनवर कुणी उघडावं? त्यात कुणाचे हिशेब असतील, कुणाची टिपणं.

भाच्याचं ॲप तीन दिवसांनी चालू झालं. आकारानं थोडं जड झालं, एवढंच. मात्र २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं होतं. तसं पुन्हा काही निघालं तर या ॲपमधलं बुजवण्याचं काम आता गूगलचं नाही, त्याचं आहे. त्यामुळे ओपनएसएसएलच्या सूचना तो नेमानं वाचतो.