नाण्याची प्रत आणि संग्राहकाची पारख



खात्रीच्या माणसाला मराठीत 'बंदा रुपया' म्हणतात. जयपूरच्या बाजारपेठेत हा मान 'झाडशाही' रुपयाला होता. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगराच्या टांकसाळीने आपल्या नाण्यांवर झाडाच्या डहाळीची खूण उमटवली आणि त्या खुणेवरूनच हे नाव रूढ झाले. नाण्यांवर प्रारंभी दिल्लीच्या बादशहांची नावे येत. १८५७ नंतर त्यांची जागा राणी व्हिक्टोरियाच्या नावाने घेतली आणि दुसऱ्या बाजूस जयपूरच्या महाराजांचे नाव येऊ लागले. सत्ता पालटल्या, डहाळी मात्र राहिली.

आज या रुपयांकडे पाहणाऱ्या संग्राहकांच्या मनात काय चालते, हा मोठा उद्बोधक विषय आहे. नेहमीचा झाडशाही रुपया हाताने घडवलेला असे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून लेखाचा काही भागच चकतीवर उमटे आणि उरलेली अक्षरे चकतीबाहेर राहत. दरबारात नजराणा देण्यासाठी मात्र वेगळे नाणे पाडले जाई. ते वजनाने रुपयाच्या जवळपास, पण पातळ आणि चांगलेच पसरट असे. त्यावर संपूर्ण ठसा काठापर्यंत उमटलेला दिसतो. असा न झिजलेला नजराणा रुपया लिलावात आला की संग्राहकांत खळबळ उडते.

या खळबळीचे रंग एकसारखे नसतात. पहिला रंग निखळ विस्मयाचा. तुकड्यातुकड्यांतून जुळवत आणलेला लेख प्रथमच अखंड दिसल्याचा तो आनंद असतो. दुसरा असूयेचा. सामान्य उत्पन्नाचा संग्राहक किंमत ऐकतो आणि 'हा छंद आता धनिकांचाच झाला' असे म्हणत मागे सरतो. तिसरा शंकेचा. इतके स्वच्छ नाणे अस्सल असेल काय, की कोणी घासूनपुसून उजळले असेल? ही शंका अनाठायी नसते. पॉलिश केलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो, आणि जाणकाराच्या लेखी अशी चकाकी म्हणजे नुकसानच. चौथा रंग हिशेबाचा. आज घेतले तर उद्या किती येतील, एवढाच प्रश्न तेथे उरतो.

या हिशेबाला आकड्यांचे बळ मिळाले ते अमेरिकेतून. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. अगदी झिजलेल्या नाण्याला १ आणि निर्दोष नाण्याला ७०. या आकड्यांचा उगम किमतीच्या प्रमाणात होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. पुढे १९८६ आणि १९८७ मध्ये तेथे निघालेल्या खाजगी संस्था नाणी तपासून, श्रेणीचा आकडा लिहून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करू लागल्या. ही पद्धत भारतातही आली. तिच्यामुळे बनावट नाण्यांना काही आळा बसला, हे मान्यच करावे लागेल. परंतु एका आकड्याच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी चढू लागली, आणि काही खरेदीदार नाण्याऐवजी पेटीवरचा आकडाच पाहू लागले.

हाताने घडवलेल्या नाण्याला हे माप नेमके बसतही नाही. चकतीवर टांकसाळीचे नाव, राज्यवर्ष आणि डहाळी उमटली आहे की नाही, हा तेथे महत्त्वाचा प्रश्न असतो. थोडे झिजलेले, पण राज्यवर्ष स्पष्ट वाचता येणारे नाणे अभ्यासकाला अधिक काही सांगते. शिवाय उच्च प्रत याचा एक अर्थ असा, की ते नाणे फारसे कोणी वापरलेले नाही. नजराणा रुपया दरबारातून कोषात गेला. झिजलेल्या रुपयाने धान्य विकत घेतले, मजुरी चुकवली. घराघरांतील गुळगुळीत शिवराईचीही हीच कथा आहे.

अस्सल पारख कशाला म्हणावे, याचे उत्तर जयपूरच्या पूर्वेस बयाना येथे मिळते. १९४६ मध्ये, तत्कालीन भरतपूर संस्थानातील या परिसरात शिकारीनंतर रिकामी काडतुसे वेचणाऱ्या मुलांना तांब्याचे एक भांडे सापडले. त्यात गुप्तकालीन सुवर्णनाणी होती. अधिकाऱ्यांच्या हाती पडण्यापूर्वीच त्यांतली काही वितळवली गेली. वितळवणाऱ्याला प्रतीशी कर्तव्य नव्हते, त्याला केवळ सोने दिसत होते. उरलेली १८२१ नाणी वाचली. त्यांचा अभ्यास केला तो कोल्हापूर जिल्ह्यातील म्हाकवे गावच्या एका मराठी सुपुत्राने, डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी. त्यांची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या सूचीत दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, पहिल्या कुमारगुप्ताची ६२८, समुद्रगुप्ताची १८३, काचाची १६ आणि पहिल्या चंद्रगुप्ताची १० नाणी आहेत. उरलेले एकच नाणे अळतेकरांनी स्कंदगुप्ताचे मानले. या एकाकी नाण्यावरूनच ठेवा स्कंदगुप्ताच्या राजवटीच्या आरंभी पुरला गेला असावा, असे अनुमान निघाले. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येकाला किंमत आली असती आणि हा अर्थ कायमचा हरवला असता. 'चक्रविक्रम' प्रकारचे अपूर्व नाणेही याच ठेव्यात मिळाले. ते अपूर्व आहे हे कळण्यासाठीसुद्धा बाकीच्या सर्व नाण्यांची नोंद व्हावी लागली.

म्हणूनच पुरलेला ठेवा सापडल्यास सरकारला कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने मज्जाव केला. पण कायदा वस्तू राखतो. तिचा अर्थ राखणे अभ्यासकाकडेच येते.

विद्यार्थी मित्रहो, उंची नाणे पाहून डोळे दिपावेत, यात गैर काही नाही. ते परवडत नाही म्हणून खंत वाटावी, हेही स्वाभाविक आहे. परंतु आजीच्या डबीतले झिजके नाणे हाती आले, तर ते घासू नये. त्याचे वजन करावे, दिसतील तेवढी अक्षरे उतरून घ्यावीत, ते कोठून आले हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. दुर्मीळ नाणे विकत घेण्यासाठी संपत्ती लागते. वहीतल्या नोंदीला मात्र एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो, आणि अळतेकरांच्या हातूनही मुळात हेच काम घडले होते.