ना नवस, ना लग्न, तरी कळसूबाईला



पंढरपुरातल्या बाईला कुठं जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" आषाढी-कार्तिकीला सगळा महाराष्ट्र आपल्या दारात येतो. पंगतीवर पंगती उठतात, चूल विझत नाही. आपण मात्र उंबरा ओलांडतो तो माहेरासाठी, लग्नासाठी, दहाव्या-तेराव्यासाठी, नाहीतर नवस फेडायला. आज सांगणार आहे ते यातल्या कशातच बसत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या दोन बचत गटांतल्या अकराजणी कळसूबाईचं शिखर चढायला गेलो.

कळसूबाई हे आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते. मध्ये सरळ उभे कातळ आहेत, तिथं लोखंडी शिड्या बसवल्यात.

आधी पैशाचं सांगते, कारण गावात पहिली कुजबुज त्याचीच झाली. "गटाच्या पैशावर सहली चालल्यात." तर नाही. गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या रकमेला आम्ही हात लावला नाही. दर महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये, दीड वर्ष, वेगळ्या वहीत, वेगळ्या डब्यात. एकीचे अठराशे झाले. त्यात गाडीचं भाडं आणि जेवणं भागली. ती वही अजून माझ्याकडं आहे, कुणीही येऊन बघावी.

आपला मुलूख सपाट. चढायचा सराव कुठं करायचा? महिनाभर पहाटे महाद्वार घाटाच्या पायऱ्या चढलो-उतरलो. लोक हसले. हसू देत.

शनिवारी रात्री निघालो. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर अशी वाट. गाडीत सहाजणी जुन्या गटातल्या, बारा वर्षं एकमेकींची कर्जं आणि बाळंतपणं बघितलेल्या. पाचजणी वर्षभरापूर्वी सुरू झालेल्या नव्या गटातल्या, गावाबाहेरच्या वस्तीवरच्या. त्यातल्या दोघी यात्रेत बांगड्या विकतात. जुन्या पुढं बसल्या, नव्या मागं. कुणी ठरवलं नव्हतं. पाणी कोण कुणाच्या बाटलीतलं पितंय, तेही मला दिसत होतं. जास्त सांगत नाही, तुम्हाला कळलं.

पहाटे बारीत पोचलो. एका घरी चहा झाला, तिथल्या ताईंनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. हिंडता हिंडता डोंगराखालच्या इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, भांडी घासणार नाही, केरकचरा काढणार नाही. ते कबूल करून तिला ठेवून घेतलं. पण एक दिवस घरातल्या कुणीतरी तेच काम सांगितलं. तिनं ते केलं आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळे मेळ म्हणून आजही दाखवतात, आणि वर तिचं देऊळ आहे. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाय, आपुन अट घातली असती तर समदं पंढरपूर डोंगरावर असतं." त्यावर मागच्या बाकावरच्याही हसल्या.

शिडीचं नीट ऐका, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. एका वेळी शिडीवर एकीनंच जायचं. दोन हात आणि एक पाय टेकलेला असल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. उतरतानाही तोंड शिडीकडंच, माणसाकडं पाठ झाली तर होऊ द्या. पदर घट्ट खोचलेला, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस. चप्पल नको, पट्ट्याचे बूट. पावसाळ्यात पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जाऊ नये, कातळ निसरडा होतो. हात गार पडतात, लोखंड थरथरतं. खाली बघू नका असं सगळे सांगतात. मी म्हणते बघा, पण पाय उचलायच्या आधी बघा.

दुसऱ्या शिडीपाशी आमच्यातली एक थांबली. डोळे भरले होते. दोघींनी दंडाला धरून ओढायला सुरुवात केली, मी थांबवलं. भीती वाटणाऱ्या बाईला शिडीवर ढकलणं हा उत्साह नव्हे, दांडगाई आहे. ती तिथंच लिंबू सरबत विकणाऱ्या बाईशेजारी बसली. आम्ही उतरेपर्यंत तिनं त्या बाईचा रोजचा गल्ला, लिंबांचा खर्च, पाणी वाहून आणायचा त्रास, सगळं विचारून घेतलं होतं. यंदा यात्रेत तिचा सरबताचा गाडा लागतोय.

गाडीत एकीच्या कॉलेजातल्या मुलीनं पाठवलेली माहिती वाचली होती. जपानच्या जुंको ताबेई १६ मे १९७५ ला एव्हरेस्टवर पोचल्या, जगातली पहिली बाई. त्यांनी १९६९ साली बायकांचाच गिर्यारोहण क्लब काढला होता. मोहिमेला पैसे मागायला गेल्यावर लोक म्हणाले, घरी बसून पोरं सांभाळा. मग त्यांनी पियानो शिकवून पैसे जमवले, गाडीच्या जुन्या सीट कव्हरांपासून पिशव्या आणि हातमोजे शिवले. वाटेत हिमकडा कोसळून त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या, शेर्पांनी ओढून काढलं. त्यानंतर बारा दिवसांनी त्या शिखरावर होत्या. शिवणकाम करणाऱ्या आमच्या एकीला सगळ्यांत आवडलं ते सीट कव्हरांचं.

वर दहाजणी पोचलो. खाली भंडारदऱ्याचं पाणी आणि समोर अलंग, मदन, कुलंग. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. बाटल्या रिकाम्या झालेल्या, भरलेली एकच उरली होती, ती बांगड्या विकणारीची. ती सगळ्यांच्या हातातून फिरली आणि रिकामी होऊन तिच्याकडं परत गेली. मी काही बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं बदललं. तसं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जुन्या गटातल्या चौघींनी नव्या गटाला घरी बोलावलं, दोघींनी नाही बोलावलं. त्यातली एक म्हणाली, सासूबाईंचं ऐकावं लागतं. दुसरीनं कारणही दिलं नाही.

शंभर रुपयांची नवी वही या महिन्यात सुरू केली आहे. आतापर्यंत चौदा नावं आली आहेत. या वेळी गाडीतल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, तसा ठराव दोन्ही गटांच्या बैठकीत झालाय.