लहान संगीत नाटकें आणि नवे रचनाकार



या ज्युबिलीनिमित्त आपण जुनीं गीतें भक्तीनें गाइलीं. परंतु नवीं कोण रचणार? ईश्वरी देणगी अभ्यासावांचून फळत नाहीं, आणि अभ्यासास रंगभूमि लागते. 1880 सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतला'चे प्रथम चारच अंक केले, उरलेले मागाहून. त्यांच्याच मंडळींत गोविंद बल्लाळ देवल तयार झाले आणि 1899 मध्यें 'शारदा' अवतरली. 1911 सालीं 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांवर सोंपविल्या, तेव्हां त्यांस तीस वर्षेंहि पुरीं नव्हतीं. विलायतेहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें 1616 सालीं छापलें गेलें. मग मराठी ज्यांची मायबोली, त्यांनीं संकोच कां धरावा?

सदरच्या या धर्मग्रामानें दरवर्षीं एक तरुण कवि व एक तरुण संगीतकार निवडावा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यासारख्या विषयावर अर्ध्या तासाचें संगीत नाटक त्यांजकडून रचवून घ्यावें. गायकवृंदानें तालमी कराव्या, आणि पहिल्या प्रयत्नांतील उणिवा श्रोत्यांनीं ममतेनें सोसाव्या. येत्या नाताळांत असें पहिलें नाटक आपणांस ऐकावयास मिळो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.