टपालावर शेरा कोण मारणार?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पंचवीस वर्षांबद्दल सर्वांचं अभिनंदन. सचिवांनी मला ‘ईमेल’वर बोलायला सांगितलंय. विषय रुक्ष वाटेल, पण त्यात आपल्या पेन्शनचा पैसा गुंतलेला आहे.

आमच्या वेळी बँकेत सकाळचं टपाल आवक नोंदवहीत चढायचं आणि मॅनेजरसाहेब प्रत्येक कागदावर शेरा मारायचे. तातडीचं वर, बाकीचं खाली. आता टपाल थेट फोनमध्ये येतं, पण शेरा मारायला कुणी नाही. पावसाळ्यात भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी कोसळावं, तसे यंत्राने पाठवलेले मेल येतात. कर्जाच्या ऑफर, सेल, ‘आपले मत कळवा’. त्याच लोंढ्यात ‘आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली’ हाही मेल असतो.

तो वेळेवर दिसायलाच हवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम असा दिला होता. चूक बँकेचीही नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कुणी ऑनलाइन पैसे लांबवले, तर ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही. ४ ते ७ दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. आणि दिवस मोजायचे ते सूचना मिळाल्यापासून, आपण ती वाचल्यापासून नव्हे! ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपलाच.

उपाय सोपा आहे. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा. मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही. बँकेचा व्यवहाराचा मेल उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’ निवडा. पुढे ‘स्टार’, ‘लेबल’ आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ यांवर खूण करा. झाला शेरा! जाहिरातींचा पत्ता बरेचदा वेगळा असतो, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहून घ्या.

मी हे चौघांसाठीच केलंय: बँक, आयकर खातं, वीजबिल आणि आपली सोसायटी. सगळ्यालाच तारा लावला तर ताऱ्याला अर्थ उरत नाही. माझी कसोटी एकच: यावर मला काही करायचंय का, आणि किती तारखेपर्यंत?

सोसायटीचं नाव मुद्दाम घेतलं. आपले कितीतरी सभासद मुंबई-पुण्याला असतात, फ्लॅट शनिवार-रविवारीच उघडतो. वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी निघते. ती जाहिरातींखाली दबली, की ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणून वाद होतात.

एक सावधगिरी. तारा लागला म्हणजे मेल खरा, असं नाही. पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. बँकेला पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच असतील तर १९३० वरही लगेच कळवा.

येत्या रविवारी सकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी या, पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड मात्र तुमचा तुम्हीच टाका, मलाही सांगू नका!